घाटावरची धर्मशाळा नक्की कोणी बांधली? ('अहिल्याबाईंनी' सोडून उत्तर हवंय)

कृष्णाकाठचा

नमस्कार मंडळी. वाई ते माहुली या पट्ट्यातलं आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, विषय सध्या तापलेला आहे.

कृष्णेच्या घाटाला लागून एक जुनी धर्मशाळा आहे. तीन बाजूंना ओवऱ्या, मधे फरसबंदी चौक, चौथी बाजू नदीकडे उघडी. जोतं पुरुषभर उंच, घडीव काळ्या दगडाचं. वर मात्र विटांच्या भिंती, लाकडी खांब आणि कौलं. एका सोप्यात पूर्वी शाळा भरायची. आता दुसऱ्या सोप्यात गणपती मंडळाचं सामान आणि कुणाकुणाची पोती असतात.

देवस्थान ट्रस्टने ठराव केलाय की ही पाडायची आणि तिथे भक्तनिवास बांधायचं, खाली मंगल कार्यालय. विरोधातली मंडळी म्हणतात ही अहिल्याबाईंची धर्मशाळा, हात लावायचा नाही. तसा फलकही त्यांनी लावून टाकलाय. पाडणारे म्हणतात, शंभर वर्षांचीसुद्धा नाही ही. कागद दोघांकडे नाही. माझी आजी सांगायची रास्त्यांनी (वाईचं पेशवाईतलं सरदार घराणं) बांधली म्हणून. कागद तिच्याकडेही नव्हताच, पण ती फलक लावायला गेली नाही एवढं खरं.

अशा वास्तूचा इतिहास काढायचा तर सुरुवात कुठून करतात? जाणकारांनी सांगावं.

वाचनमात्र

जागा पकडून ठेवतो. फोटो टाका की राव.

मोडीवेडा

कृष्णाकाठचा, तुम्ही शीर्षकातच अर्धं काम केलंत. महाराष्ट्रात घाटावर पाच पायऱ्या दिसल्या की लोक अहिल्याबाईंचं नाव घेतात. त्यांनी १७६७ ते १७९५ कारभार पाहिला. काशी विश्वेश्वराचं देऊळ, गयेचं विष्णुपद मंदिर, महेश्वरचे घाट हे सगळं त्यांच्या खात्यावर पक्कं आहे आणि त्यांचं मोठेपण सिद्ध करायला तेवढं पुरे आहे. त्यांच्या दानधर्माचा खर्च बराचसा होळकरांच्या खासगीतून, म्हणजे घराण्याच्या स्वतःच्या उत्पन्नातून, व्हायचा, म्हणजे हिशेब ठेवलेला असायचा. ज्या कामाचा हिशेबात मागमूस नाही ते त्यांच्या नावावर टाकणं म्हणजे त्यांचा सन्मान नव्हे.

तुमच्या पट्ट्यात बांधकाम करणारी मंडळी तशीही जवळचीच होती. वाईचा ढोल्या गणपती गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधला. मेणवलीचा घाट नाना फडणवीसांचा. संगम माहुलीचं विश्वेश्वराचं देऊळ श्रीपतराव प्रतिनिधींचं, १७३५ सालचं. त्यामुळे आजीचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. पुरावा म्हणून चालणार नाही, पण शोध कुठल्या घराण्यापासून सुरू करायचा ते कळतं.

आधी शिलालेख शोधा. दाराच्या गणेशपट्टीच्या वर, घाटाच्या सगळ्यात वरच्या पायरीच्या दर्शनी बाजूला, आणि ओवरीच्या कोपऱ्यातल्या खांबाच्या बैठकीवर. चुन्याच्या दहा हातांखाली अक्षरं दबलेली असतात. शक मिळाला तर त्यात ७८ मिळवा. सोबत संवत्सराचं नाव असेल तर तेही ताडून बघा. आकडा कोरताना पाथरवट चुकू शकतो, संवत्सराच्या नावात सहसा चुकत नाही.

कागदांत मात्र शक नसतो, सुहूर सन (मराठी दफ्तरात वापरात असलेली जुनी कालगणना) असतो, तोही अरबी अंकांच्या नावांनी अक्षरी. 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर, हजार: ११७२. त्यात ५९९ मिळवले की १७७१ निघतं. हे वर्ष मृगापासून सुरू होतं, म्हणून १७७१-७२ असं धरायचं.

कृष्णाकाठचा

फोटो टाकले आहेत (सहा). शिलालेख दिसत नाही, पण दाराच्या वरची पट्टी ऑइलपेंटने रंगवलेली आहे. निळ्या.

मोडीवेडा

निळा ऑइलपेंट! खरवडू नका हं. तारेच्या घासणीने तर अजिबात नाही. पुरातत्त्व खात्यातल्या किंवा वारसा जतन करणाऱ्या कुणालातरी दाखवा. तोवर संध्याकाळी तिरप्या उजेडात, नाहीतर बाजूने बॅटरी मारून फोटो काढा. अक्षरं असतील तर रंगाखालूनही सावली पडते.

जोतं_आणि_तुळई

फोटो पाहिले. पेशाने मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीची कामं करतो, म्हणून दोन गोष्टी.

पहिली म्हणजे 'ही इमारत कधीची' हा प्रश्नच बदला. या इमारतीला तीन वयं आहेत. जोतं वेगळं, भिंती वेगळ्या, छप्पर वेगळं. नदीकाठच्या बांधकामात हे नेहमीच होतं. मोठा पूर आला की वरचं जातं, जोतं राहतं, आणि पुढचा माणूस त्याच जोत्यावर त्याच्या काळातल्या सामानाने उभारतो. तुमच्या फोटोत छपरावर मंगळुरी कौलं आहेत. ती कौलं मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढल्यानंतरची, आणि घाटमाथ्यावरच्या गावापर्यंत पोचायला आणखी काळ गेला. म्हणून पाडणारे म्हणतात ते छपरापुरतं खरंही असेल. पण कौलांवरून जोत्याचं वय ठरत नाही.

जोत्याचे दगड बघा. तिसऱ्या फोटोत सांधे इतके बारीक आहेत की पोस्टकार्ड शिरणार नाही. दोन दगडांच्या माथ्यावर डमरूसारखी खाच दिसतेय. तिथे लोखंडी कडी बसवून वर शिसं ओतलेलं असायचं, प्रवाहाने दगड हलू नयेत म्हणून. एवढा खर्च गावच्या वर्गणीतून होत नाही, मागे कोणीतरी खानदानी पैसा असतो. खाच रिकामी आहे कारण शिसं नंतर कोणीतरी काढून विकलेलं असतं. सगळीकडे हेच.

लाकडी खांबांचे जवळून फोटो हवेत. सुरूच्या झाडासारखा निमुळता आकार, वर केळफुलाचं नक्षीकाम असा खांब असेल तर उत्तर पेशवाईकडे जाता येतं. पण सावध राहा. पडलेल्या वाड्याचे खांब विकत आणून दुसरीकडे लावायची पद्धत जुनी आहे. खांबाच्या उंचीत खाली दगडी गट्टू घालून भर काढलेली दिसली तर तो खांब दुसऱ्या घरचा समजा.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. धर्मशाळेचं तोंड कुठे आहे? नदीकाठी दोन प्रकारच्या धर्मशाळा असत. एक तीर्थाची आणि एक उताराची. तीर्थाची म्हणजे देऊळ, घाट, स्नान, श्राद्ध, पर्वणी यासाठी आलेल्यांची. तिचं तोंड पाण्याकडे. उताराची म्हणजे नदी ओलांडणाऱ्यांची. पूल नव्हते तेव्हा मृगापासून दसऱ्यापर्यंत कृष्णा पायी उतरता येत नसे. नावाडी म्हणेल तेव्हा नाव. पाणी चढलं की मुक्काम वाढला. बैल, घोडी, ओझी सगळ्यासह. अशा ठिकाणी धर्मशाळेचं तोंड रस्त्याकडे असतं, समोर जनावरं बांधायला मोकळी जागा, दगडी हाळ (जनावरांना पाणी पाजायचं), आणि बहुतेकदा पलीकडच्या काठावर तिची जोडीदारीण. पुढे पूल झाला, डांबरी रस्ता वर सरकला आणि या उताराच्या धर्मशाळा आधी ओस पडल्या. तीर्थाच्या टिकल्या, कारण तिथे लोक येतच राहिले.

तुमची दोन्ही वाटते. चौक पाण्याकडे उघडा आहे, पण पाचव्या फोटोत मागच्या भिंतीला एक मोठं दार बुजवलेलं दिसतंय.

कृष्णाकाठचा

ते दार बुजवलेलं आहे हे आयुष्यभर समोर असून मी पाहिलंच नव्हतं! मागे मोकळी जागा आहे, तिला 'तळ' म्हणतात. पलीकडच्या काठावर मात्र आता ऊसच ऊस आहे. कुठे काही जोतंबितं आहे का विचारतो.

तापीतीर

छान धागा. थोडं अवांतर. आमच्या बऱ्हाणपूरला (आता मध्य प्रदेशात, पण मराठी घरं भरपूर) तापीच्या काठावरच्या शहरात सराया होत्या. १६१५ मध्ये इंग्रज वकील टॉमस रो जहांगिराकडे जाताना बऱ्हाणपूरला थांबला. त्याला सराईत चार खोल्या मिळाल्या आणि त्या विटांच्या, वर गोल, भट्टीएवढ्याच आहेत म्हणून त्याने वैतागून लिहून ठेवलंय. राजदूताला ही खोली, तर बाकीच्यांना काय मिळत असेल! शहजादा परवेझशी त्याची पुढची भेट राहूनच गेली, कारण रोने भेट दिलेल्या मद्याच्या पेटीचा शहजाद्यावर आधीच अंमल चढला होता.

पुढे इंग्रजांनी १८६७ मध्ये सराईंचा कायदाच केला. नोंदणी करा, खोल्या, ओसऱ्या आणि विहिरी स्वच्छ ठेवा, पहारेकरी ठेवा, दरपत्रक लावा, साथीचा रोगी आढळला तर जवळच्या पोलीस ठाण्यात कळवा. मोडलं तर वीस रुपयांपर्यंत दंड. तुमच्या धर्मशाळेची अशी काही नोंद जिल्ह्यात असेल का?

मोडीवेडा

तापीतीर, मजा आली. पण सराई आणि धर्मशाळा एका मापाने मोजू नका. सराई मुख्यतः सरकारी रस्त्यावरची, व्यापारी आणि लवाजमा डोळ्यांपुढे ठेवून केलेली, रात्री दरवाजा बंद होणारी. धर्मशाळा हे पुण्याचं काम. भाडं नाही, स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा, तीनएक रात्रींहून जास्त राहायचं नाही. खर्च भागायचा तो लावून दिलेल्या जमिनीवर.

मूळ प्रश्नाला तो जमिनीचा धागाच उपयोगी आहे. धर्मशाळेला दिवाबत्ती, झाडलोट, सदावर्त यासाठी इनाम जमीन दिलेली असेल तर १८५२ च्या कायद्याने बसलेल्या इनाम कमिशनपुढे तिची चौकशी झालेली असणार. इनामदाराला सनदा दाखवाव्या लागल्या, जबान्या झाल्या. त्या चौकशीने अनेक घरं बुडवली, पण आपल्यासाठी कागद मागे ठेवले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात विचारा. त्याआधी घरबसल्या सातबारा काढा. इतर हक्काच्या रकान्यात 'देवस्थान इनाम वर्ग ३' असं काही दिसतंय का ते बघा.

गोदावरीची

मी नाशिकची. माहेर तीर्थोपाध्यायांचं, म्हणून या चर्चेत जे राहून जातंय ते सांगते.

पूर्वी यात्रेकरू फार कमी वेळा धर्मशाळेत उतरत. ते उपाध्यायांच्या घरी उतरत. कुठल्या गावचे, कुठल्या आडनावाचे लोक कुणाकडे, हे ठरलेलं. आमच्याकडे नामावळीच्या वह्या आहेत. आलेल्या माणसाने आपलं, वडिलांचं, आजोबांचं, भावांचं नाव आपल्या हाताने लिहायचं नाहीतर सांगून लिहवायचं. पुढच्या पिढीतलं कोणी आलं की वही काढून त्याला त्याच्या पणजोबांची सही दाखवायची. माणसं रडतात हो ती सही बघून.

सिंहस्थात आमच्या वाड्यात जिन्याच्या पायरीवरसुद्धा माणूस झोपलेला असे. आई रात्री कंदील घेऊन माणसं ओलांडत स्वयंपाकघरात जायची. या मुक्कामाला भाडं नव्हतं, पण फुकटही नव्हतं. दक्षिणा होती, शिधा होता, आणि गावाकडून पुढच्या वर्षी कुणाच्या तरी हाती गुळाची ढेप यायची.

सांगायचं कारण म्हणजे तुमच्या घाटावरही उपाध्याय घराणं असणार. आज ते पुण्यात किंवा कुठेही असतील. त्यांच्या वह्या शोधा. कोण कधी आलं आणि 'धर्मशाळेत उतरले' असा शेरा असेल तर ती इमारत त्या साली उभी होती, एवढं तरी पक्कं होतं. धर्मशाळा कोणी बांधली याची बखर कोणी लिहीत नाही, पण पैसे कोणी दिले आणि कोण उतरलं हे लिहिणारे असतात.

आणि पुराच्या खुणा विसरू नका. आमच्याकडे दुतोंड्या मारुती आहे. पाणी कंबरेला लागलं, छातीला लागलं, यावर अख्खं नाशिक पूर मोजतं. तुमच्याकडेही एखादी पायरी, एखादा नंदी असेल.

कृष्णाकाठचा

ताई, नंदीच आहे! 'नंदीच्या शिंगाला पाणी' म्हणजे धर्मशाळेच्या जोत्याला पाणी, असं आमच्याकडे म्हणतात. धोम धरण झाल्यापासून हे कमी झालं, थांबलं नाही.

उपाध्यायांचं घराणं गाव सोडून गेलंय. पत्ता लावतो.

भीमथडी

उशिरा येतोय. सगळे 'कोणी बांधली' यावर बोलताय. मी दुसरा प्रश्न विचारतो. तिथे कोणाला उतरू देत होते?

मी पंढरपूरचा. आमच्याकडे चंद्रभागेकाठी आणि गावात शेकड्याने मठ आणि धर्मशाळा आहेत. त्यांच्या पाट्या वाचल्या तरी कळतं की प्रत्येक जातीने, वारकऱ्यांच्या प्रत्येक फडाने आपापली सोय केली. का केली? दुसऱ्याच्या ओवरीत जागा मिळत नव्हती म्हणून. वारीत शेजारी चालणारा माणूस मुक्कामाला शेजारी चालत नसे. ज्यांना कुठेच जागा नव्हती ते नदीच्या वाळवंटात उघड्यावर झोपत. गाडगेबाबांनी हे पाहिलं. त्यांचं आधीचं काम ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधण्याचं, १९०८ च्या सुमाराचं, कारण यात्रेकरू चिखलात घसरत होते. मग पंढरपूरला चोखामेळा धर्मशाळा उभी केली, १९१७ ते १९२० च्या दरम्यान. नाव चोखोबांचं ठेवलं यातच सगळं आलं. १९४९ मध्ये ती त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हाती सोपवली. विठ्ठल मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केलं, तेही तनपुरे महाराजांच्या मठात. मुक्कामाची जागा कोण देतो, यावर आंदोलनंसुद्धा ठरत होती.

कृष्णाकाठचा, तुमच्या घाटाच्या खालच्या अंगाला, प्रवाहाच्या दिशेने, दुसरा छोटा घाट किंवा पडकं जोतं आहे का बघा. बहुतेक गावांत असतं. वरच्या अंगाला वरच्यांचं पाणी, खालच्या अंगाला खालच्यांचं.

सडेतोड

झालं. प्रत्येक धाग्यात जात आणल्याशिवाय चालत नाही का? चांगली वास्तुशास्त्रावर चर्चा चालली होती.

भीमथडी

सडेतोड, ही वास्तुशास्त्राचीच चर्चा आहे. भिंत कुठे घालायची, दार कुठे ठेवायचं, पाण्यावर जायची वाट किती अंगांनी काढायची, हे ज्या कारणाने ठरलं ते सांगतोय.

आणि तारखा काढायलाही हे उपयोगी आहे. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. महाडच्या चवदार तळ्यामुळे, म्हणजे २० मार्च १९२७ मुळे, तो ठराव आपल्याला पाण्यासाठी आठवतो. पण त्यात पाणवठे आणि विहिरींच्या जोडीला धर्मशाळा असा स्पष्ट उल्लेख आहे. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या किंवा चालवलेल्या धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या, असा. राज्यघटनेच्या १५ व्या कलमात विहिरी, तलाव यांच्याबरोबर स्नानाचे घाट आले. १९५५ च्या अस्पृश्यता कायद्यात हॉटेलच्या बरोबरीने धर्मशाळा, सराई आणि मुसाफिरखाना यांतल्या भांड्यांच्या वापराबद्दलही लिहावं लागलं. भांडी! सगळं आपोआप सुरळीत चाललेलं असतं तर कायद्यात भांडी यायची गरज पडली नसती.

तर लोकल बोर्डाच्या (जिल्हा परिषदेच्या आधीची स्थानिक संस्था) पैशातून तुमच्या धर्मशाळेची डागडुजी कधी झाली, आणि खासगी ट्रस्टकडे ती कधी 'गेली', हे बघा. काही ठिकाणी सार्वजनिक म्हणवून घेणं अंगावर येतंय असं दिसल्यावर मालकीच्या भाषेत बदल झालेला आहे. तुमच्याकडे तसं झालं असं मी म्हणत नाही. कागद काढा एवढंच.

गोदावरीची

भीमथडी, पटलं. आमच्या वह्यांतही कुठली नावं नाहीत हे बघण्यासारखं आहे. मी आजवर फक्त असलेली नावं बघत आले.

जोतं_आणि_तुळई

+१. बांधकामाकडे बघताना 'दुसरी वाट' ही नेहमी शोधायची गोष्ट आहे. वाड्यात मागचं दार असतं तशी घाटाला मागची पायरी असते.

कृष्णाकाठचा

बऱ्याच गोष्टी जमल्या आहेत, एकेक सांगतो.

तिरप्या उजेडात फोटो काढले. पट्टीवर मधे गणपती आहे हे आता स्पष्ट दिसतं, दोन्ही बाजूंना अक्षरासारखं काही नाही. म्हणजे शिलालेखाची आशा तिथे तरी संपली. खांब सुरूचे नाहीत, साधे चौकोनी, आणि चारांपैकी दोनांच्या खाली जोतं_आणि_तुळई म्हणाले तसे गट्टू आहेत.

सातबारावर घाटाजवळच्या एका तुकड्याला 'देवस्थान इनाम वर्ग ३' आहे. धर्मशाळेचा वेगळा उल्लेख नाही.

भीमथडी, खालच्या अंगाला वळणापलीकडे जोतं आहे. लहान. छप्पर नाही, भिंत गुडघाभर. बाभळी वाढल्या आहेत. तिथून पाण्यात उतरायला ओबडधोबड पायऱ्या आहेत. आमच्या घरात कोणी त्याबद्दल कधी बोललं नाही. तिकडच्या वस्तीतल्या एका आजोबांना विचारलं तर ते सहज म्हणाले, "ती खालची धर्मशाळा. आमचे पाहुणे तिथंच उतरायचे. पाऊस आला की भिजायचे." वरच्या धर्मशाळेचं वय काय म्हणून विचारलं तर म्हणाले, "तिचं मला काय म्हाईत, मी तिथं चढलो तो शाळेत घातलं तेव्हा."

वाचनमात्र

...

सडेतोड

बरं. वाचतोय.

निवृत्त_कारकून

इतिहासाचं चालू द्या, पण ठराव झालाय तर कायद्याचं आधी बघा. धर्मादाय कार्यालयात माझी नोकरी झाली.

सार्वजनिक ट्रस्टला स्थावर मिळकत विकायची, बदलायची, बक्षीस द्यायची, किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. मंगल कार्यालय एखाद्या ठेकेदाराला 'बांधा आणि चालवा' म्हणून द्यायचं असेल तर ते इथे अडकतं.

पण त्याच्याही आधी ट्रस्टच्या नोंदवहीतला उतारा काढा. 'शेड्युल वन' म्हणून मागा, त्यात ट्रस्टच्या मिळकती लिहिलेल्या असतात. साध्या अर्जावर मिळतो. धर्मशाळा त्यात आहे का बघा.

आणखी एक अडचण ट्रस्टच्या लक्षात आली नसावी. पूररेषा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा, तिथे नवीन इमारत होत नाही. निळी ते लाल नियंत्रित. घाटाला चिकटलेली धर्मशाळा निळीच्या आतच असणार. जुन्या अधिकृत बांधकामाच्या जागी पुन्हा बांधायला काही अटींवर वाट असते, पण त्यासाठी मुळात जुनं बांधकाम अधिकृत होतं आणि आपलं होतं हे दाखवावं लागतं. म्हणजे आज 'शंभर वर्षांचंसुद्धा नाही' म्हणणाऱ्यांनाच उद्या त्या इमारतीचा इतिहास सिद्ध करत बसावं लागेल. पाडून बसले आणि परवानगी मिळाली नाही तर हातात मोकळं जोतं.

जोतं_आणि_तुळई

कारकून साहेब, हे सोन्यासारखं सांगितलंत. दुरुस्तीचा खर्च ऐकून ट्रस्ट दचकतात, पण इथे भिंती उभ्या आहेत, जोतं शाबूत आहे. कौलं उतरवून वासे बदलायचे, विटांच्या भिंतींना सिमेंट न लावता चुन्याचा गिलावा करायचा, पाणी निघायच्या मोऱ्या मोकळ्या करायच्या. सिमेंट लावलं की पुराचं पाणी भिंतीत अडकतं आणि आतून वीट कुजते. काम पावसाळ्याच्या आत होत नसेल तर निदान मोजमाप तरी करून ठेवा. नकाशा, प्रत्येक ओवरीची लांबी-रुंदी, खांबांची अंतरं, फोटो. खालच्या जोत्याचंही. त्याचं आधी, कारण बाभळीची मुळं थांबत नाहीत.

मोडीवेडा

आणि पेशवे दफ्तरात जाणार असाल तर त्या इनाम तुकड्याचा जुना सर्व्हे नंबर सोबत घ्या. नुसतं 'आमच्या गावची धर्मशाळा' म्हणून गेलात तर रुमालांच्या (कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या) ढिगात हरवाल. मोडीचं वाचन मी करून देईन, इथेच फोटो टाका.

कृष्णाकाठचा

शेड्युल वनचा उतारा मिळाला. मिळकतींच्या यादीत देऊळ आहे, इनाम जमीन आहे, दोन समया आणि चांदीची प्रभावळ आहे. धर्मशाळा नाही. वरची नाही, खालचीही नाही.

ट्रस्टींना विचारलं तर म्हणाले, "देवळाच्या आवारातच येते ती." आवाराच्या चतुःसीमा वाचल्या. पूर्वेला 'सार्वजनिक धर्मशाळा' असं लिहिलंय.

भीमथडी

चतुःसीमेत निघालं! ट्रस्टने स्वतःच लिहून दिलंय की ती शेजारची आहे.

निवृत्त_कारकून

मग मालक दुसरा आहे. ग्रामपंचायतीत नमुना ८ बघा, इमारत कोणाच्या नावावर आकारणीला लागली ते कळेल. तिथे काही नसेल तर जिल्हा परिषद. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या तेव्हा लोकल बोर्डांच्या मिळकती त्यांच्याकडे गेल्या. तुमच्या सोप्यात शाळा भरायची म्हणालात ना? उगाच कुणाच्या खासगी जागेत बोर्डाची शाळा वर्षानुवर्षं बिनभाड्याची चालत नाही. बांधकाम विभागातली मालमत्ता नोंदवही मागा, आणि शाळेचं जुनं दप्तर असेल तर त्यात भाड्याची पावती आहे का तेही बघा. नोंदवहीत नाव निघालं तर ट्रस्टच्या ठरावाला अर्थच उरत नाही. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

कृष्णाकाठचा

शाळेचं दप्तर मुख्याध्यापकांच्या कपाटात आहे, किल्ली त्यांच्याकडे. सोमवारी साताऱ्याला जिल्हा परिषदेत जातो. अर्जाचा मसुदा इथे टाकतोय, कारकून साहेब एकदा नजर घाला. खालच्या जोत्याचा गट नंबर वेगळा आहे, त्याचा अर्ज वेगळा करू का यातच घालू?

निवृत्त_कारकून

वेगळा करा. एका अर्जात दोन मिळकती घातल्या की दुसरीचं उत्तर येत नाही.